झूमधला गेंडा नीट कसा बघायचा

राणीबाग आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, बुधवारी बंद असते एवढं लक्षात ठेवलं की झालं, पण गेंडेच बघायचे असतील तर एकदा पाटण्याचं झू गाठा, मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून (एलटीटी) ट्रेन आहेत. तिथे एकशिंगी गेंड्यांचं ब्रीडिंग बरीच वर्षं चालू आहे.

सकाळी लवकर जा, दुपारी ते चिखलात नाहीतर पाण्यात पडून असतात. एकटा गेंडा दिसला की लोक लगेच "बिचारा" म्हणतात, मला ते ऐकवत नाही, कारण आपला गेंडा मुळातच एकटा राहणारा, दोन मोठे नर एकत्र सोडले तर खालच्या सुळ्यासारख्या दातांनी एकमेकांना फाडतील, म्हणून कुंपणं वेगळी, आणि मादी माजावर आली की तेवढ्यापुरतं एकत्र आणतात, तेही कीपर डोळ्यात तेल घालून उभे असतात. पिल्लू मात्र दोन-तीन वर्षं आईजवळच हवं.

आफ्रिकेचा पांढरा गेंडा वेगळा, त्याच्या माद्या कळपाने राहतात, त्यामुळे कुठे एकटीच मादी दिसली तर कीपरला जरूर विचारा. शेणाचा ढीग पण बघा, सगळे एकाच जागी टाकतात, वासावरून त्यांना शेजारी कोण ते कळतं. आणि प्लीज, जाळी ठोकू नका.