ड्वार्फ ससा पाळताना या चुका टाळा

नेदरलँड ड्वार्फ ही पाळीव सशांमधल्या सर्वांत लहान जातींपैकी एक. पूर्ण वाढलेल्या सशाचं वजन जेमतेम एक किलोच्या आसपास. आखूड कान, गोल डोकं आणि बसका चेहरा यांमुळे तो म्हातारपणापर्यंत पिल्लासारखा दिसतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो. त्याला खेळणं समजून छोट्या पिंजऱ्यात कोंबलं जातं, लहान मुलांच्या हातात दिलं जातं, लाडाने पोळी-बिस्किटं भरवली जातात. पण एवढ्याशा जिवाकडे चूक पचवण्याइतकी ताकद नसते. सकाळी खाणं सोडलेला ससा रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतो.

घेतानाच होणारी फसगत

बाजारात ‘ड्वार्फ’ म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं साध्या पांढऱ्या सशाची, तीन-चार आठवड्यांची असतात. आईपासून इतक्या लवकर तोडलेल्या पिल्लाचं आतडं स्थिरावलेलं नसतं. घरी आल्यावर जुलाब लागतात आणि ते दगावतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. लहानपणी सगळ्याच जातींची पिल्लं इवलीशी दिसतात, म्हणून शक्य असेल तिथे आई-बाप दाखवायला सांगा.

दातही तिथेच बघा. ओठ हलकेच वर केल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे दिसले पाहिजेत. टोकं एकमेकांना भिडत असतील किंवा खालचे दात पुढे आले असतील, तर ते नीट झिजणार नाहीत. बसक्या चेहऱ्यामुळे ड्वार्फमध्ये हा दोष जास्त दिसतो आणि मग जन्मभर दातांवर उपचार करत राहावं लागतं.

गवत कमी, खुराक जास्त

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवायला आणि आतडं चालू ठेवायला लांब धाग्याचं गवत तासन्‌तास चघळावं लागतं. रोजच्या आहारात ८० टक्क्यांहून जास्त गवतच हवं आणि ते चोवीस तास समोर हवं. वाळलेलं टिमोथी किंवा ओटचं गवत महाग पडत असेल तर आपली हरळी उत्तम. फक्त ती रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेल्या बागेतली नसावी. धुऊन, पाणी निथळवून द्या. यंत्राने कापलेल्या लॉनचा ढीग आणू नका, तो लवकर आंबतो आणि पोटात वायू धरतो.

लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते चालतं. मोठ्या सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे ती चुन्यासारखी दाट होते आणि मूत्राशयात गाळ साचतो. पेलेट, म्हणजे सशांसाठी मिळणारा गोळ्यांच्या रूपातला तयार खुराक, एक किलोच्या सशाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरतात. ताटलीभर पेलेट ठेवले तर तो गवताकडे बघणारही नाही. सोबत ओंजळभर कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला द्या. गाजर मात्र गोड असतं, आठवड्यातून दोनदा अंगठ्याएवढा तुकडा बास. पोळी, पाव, भात, बिस्किटं अजिबात नकोत. त्यातल्या पिठामुळे आंधळ्या आतड्यातल्या (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी, जिथे गवत आंबवून पचवलं जातं) जिवाणूंचं संतुलन बिघडतं. कांदा, लसूण आणि चॉकलेट तर विषारीच. कोणताही नवा आहार एकदम सुरू करू नका, सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला.

लेंड्या बघा, बिघाड कळेल

लेंड्या बारीक आणि कडक होत असतील तर गवत किंवा पाणी कमी पडतंय. नळीच्या बाटलीऐवजी जड वाडग्यात पाणी ठेवा, ससे त्यातून जास्त पितात. लेंड्या केसांनी माळेसारख्या जोडलेल्या आल्या तर केस गळायचा हंगाम आहे, रोज विंचरा. लेंड्यांचे मऊ, चिकट घोस शेपटीला लागत असतील तर पेलेट किंवा गोड खाणं जास्त होतंय. एरवी हे मऊ घोस ससा स्वतःच खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, त्यामुळे त्याला अडवू नका.

दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद, पाठ वाकवून कोपऱ्यात बसणं, दात करकरा वाजवणं, ही आतडं थांबल्याची लक्षणं आहेत. सकाळपर्यंत वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. पोट फुगून घट्ट झालं असेल तर बळजबरीने काही भरवू नका. सशाला उलटी करता येत नाही. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. एक किलोच्या सशाचे १०० ग्रॅम घटले, तर तो दहावा हिस्सा आहे.

सशांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि तो दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरलं जाणारं फिप्रोनिल सशाला विषारी ठरतं. घरातलं उरलेलं औषध ‘थोडंसंच’ म्हणूनही देऊ नका.

उन्हाळा आणि पावसाळा

सशाला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो, आणि ड्वार्फचे कान तर आखूडच. पारा तिशीच्या वर गेला की धोका सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात कूलर उपयोगी पडतो, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याने फरक पडत नाही, तिथे पंखा किंवा एसी हवा. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि बसायला गार फरशी द्या. तोंड उघडून धापा टाकत असेल तर साध्या गार पाण्याने कान ओले करा आणि दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्याने जीव जाऊ शकतो. एरवीही आंघोळ घालू नका, मळलेला भाग ओल्या कापडाने पुसा.

पावसाळ्यात मागचा भाग रोज तपासा. लघवी-विष्ठेने माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या मांसात शिरू लागतात. गवताला कुबट वास आला तर ते टाकून द्या.

पिंजरा आणि हाताळणी

सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते. तारेच्या तळावर बसून टाचांना जखमा होतात. तळाला चटई किंवा जाड कापड घाला, आणि पिंजरा उघडा ठेवून रोज तीन-चार तास तरी घरात मोकळं फिरू द्या. विजेच्या वायरी मात्र आधी झाकून घ्या. कान धरून उचलणं तर क्रूरच. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, असं अंगाशी धरून उचला. मागचे पाय अधांतरी राहिले तर ससा इतक्या जोरात झटका देतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो. मुलांना जमिनीवर बसवूनच खेळू द्या.

‘दोन्ही माद्या आहेत’

दुकानदाराच्या या शब्दावर विसंबू नका, लिंग डॉक्टरांकडून तपासून घ्या. ड्वार्फ चार-पाच महिन्यांत वयात येतो, गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा, आणि व्यायल्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. खऱ्या ड्वार्फ जोडीच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा ठेंगणेपणाचं जनुक दोन्हीकडून घेऊन जन्मतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. नसबंदी करून घ्या. माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो, तोही टळतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, आणि नर त्यानंतरही काही आठवडे प्रजननक्षम असतो, म्हणून दीड महिना जोडी वेगळी ठेवा.