सर्फबोर्ड निवडताना आधी तो पालथा करा

रंग-नक्षी नंतर बघा. एक सरळ पट्टी तळावर आडवी टेकवून नाकाकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, सरकवत न्या. पट्टीखाली मधोमध फट दिसली तर तळ खोलगट आहे. पाणी त्या खोलगटीतून मागे वाहतं, बोर्ड वर उचलला जातो, वेग मिळतो. गुळगुळीत लाटेवर मजा. खळबळत्या पाण्यात मात्र असा बोर्ड दणके देतो. पट्टी मध्यावर टेकून दोन्हीकडे डुगडुगली तर तळ फुगीर किंवा ‘व्ही’ आकाराचा. शेपटाजवळचा व्ही बोर्डला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन झुकवतो, थोडा वेग खातो. लाटा बहुधा मंदच मिळत असतील, तर साधा सपाट तळ घ्या. तोही छान पळतो.