दाढ काढून आलात? आजचा दिवस थुंकू नका

दाढ काढल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती सारखं थुंकण्याची. खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते, तीच खरी मलमपट्टी. थुंकलात, खळखळून चूळ भरलीत किंवा शहाळ्याला स्ट्रॉ लावलीत, की ती निघते. मग खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. असं झालं तर घरी लवंग दाबत बसू नका, परत डॉक्टरांकडे जा.

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून आरशात बघायचं नाही. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका, ती गिळा. तोंड लाल रक्तानं भरतच राहिलं तर मात्र लगेच फोन करा. कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या २४ तासांनंतरच.

जेवायला गार दहीभात, मऊ खिचडी. तांबडा रस्सा आणि मिसळ चार दिवस तरी राहू दे. कटाची तर्री जखमेवर आग करते. तंबाखू, मावा, सिगारेट किमान तीन दिवस अजिबात नको, आमच्या कोल्हापुरात हे परत परत सांगावं लागतं.

आणि दाढ काढायच्या आधीच साखर, बीपी, रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर सांगा. गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका.