जलाशयातील सहलीच्या बोटीवर बॅटरी आणि सौर पॅनेल

मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, त्यामुळे नाथसागरासारख्या जलाशयात बोट ठेवणारे बहुतेकजण आधी पॅनेल घेतात आणि हिशेब मागाहून करतात. सुरुवात विजेच्या खर्चापासून करावी. 5 वॅटचे दोन एलईडी दिवे चार तास, 15 वॅटचा पंखा सहा तास, मोबाइल चार्जिंग आणि अर्धा तास चालणारा 36 वॅटचा उपसा पंप मिळून दिवसाला सुमारे 180 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत 1200 वॅट-तास मावतात. मात्र ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे तीन दिवसांची सोय होते.

100 वॅटचे पॅनेल छपरावर आडवे बसवले, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी 300 ते 400 वॅट-तास हाती लागतील असे धरावे. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअस तापमानावर मोजलेली असते आणि पुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. मे महिन्यात पॅनेल 65 अंशांवर गेले की 12 ते 16 टक्के वीज तिथेच जाते. म्हणून छप्पर आणि पॅनेल यांच्यामध्ये हवा खेळेल इतकी फट ठेवावी. ताडपत्रीच्या दोरीची सावलीदेखील पॅनेलवर पडू देऊ नये, कारण त्यातील सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एक झाकला तरी उत्पादन बरेच खाली येते.

बॅटरीची अवस्था व्होल्टमीटरवर पाहायची, तर चार्जिंग आणि सर्व उपकरणे बंद करून काही तास थांबावे, 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. चार्जिंग थांबताच घेतलेला आकडा फसवा, चढा असतो. लिथियम बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे तिला अँपिअर-तास मोजणारा मॉनिटर लावणेच बरे.

बॅटरी सावलीत, हवेशीर कप्प्यात घट्ट बांधून ठेवावी. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आपल्याकडचे बोअरचे क्षारयुक्त पाणी तिच्या प्लेटा खराब करते. पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी आणि नंतर पॅनेल जोडावे, काढताना आधी पॅनेल काढावे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून बसवावा. पाणी साचताच आपोआप सुरू होणाऱ्या उपसा पंपाला स्वतंत्र फ्यूज देऊन तो थेट बॅटरीवर घ्यावा, म्हणजे मुख्य स्विच बंद करून घरी गेल्यावर रात्री पाऊस झाला तरी बोटीतले पाणी उपसले जाईल.