सॅशवरून सेटवर: स्पर्धा झाल्यावर मालिकेत कसं शिरायचं

सौंदर्यस्पर्धेत नंबर काढलेल्या मुलींचे मला सारखे मेसेज येतात: ‘ताई, आता सीरियलसाठी काय करू?’ मीही स्पर्धेतला तो तिरका पट्टा, म्हणजे सॅश, लावूनच या लाईनीत आले. आधी सून, मग जाऊ आणि हल्ली सासू करते. तेव्हा एकदाच नीट सांगते.

रस्ता जुनाच आहे. १९९८ च्या फेमिना मिस इंडियात स्मृती इराणी आणि गौरी प्रधान दोघी होत्या, मुकुट दोघींनाही मिळाला नाही. २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधली स्मृतीची तुलसी घराघरांत गेली, २००१ मध्ये गौरी ‘कुटुंब’ मालिकेत दिसली. उलट १९९३ ची विजेती, आपली नम्रता शिरोडकर, सिनेमाकडे वळली. त्यामुळे नंबर हुकला म्हणून कुढू नकोस आणि नंबर आला म्हणून रोल ठरलेला आहे असंही धरू नकोस. जिंकली असलीस तर आधी स्पर्धेच्या आयोजकांशी केलेला करार काढून वाच. त्यांच्या परवानगीशिवाय बाहेरचं काम घेता येणार नाही, असं कलम त्यात असू शकतं.

फोटोंवर पैसे उधळू नकोस. गाऊनमधला फोटो बघून कुणी सून ठरवत नाही. खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय, साध्या कुर्त्यात आणि सुती साडीत काढलेले एक क्लोज (नुसता चेहरा), एक मिड (कंबरेपर्यंत), एक फुल (पूर्ण उभा) एवढे पुरतात. रजिस्ट्रेशन फी मागणारा किंवा ‘आर्टिस्ट कार्ड काढा, मग ऑडिशन’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फीर. कास्टिंगवाले कलाकाराकडून पैसे घेत नाहीत.

ऑडिशन बहुतेकदा वर्सोव्याच्या आरामनगरात, नाहीतर घरून सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच शूट करून पाठवायचा व्हिडिओ. नाव, वय, उंची सांगायची, मग लेफ्ट प्रोफाईल, राइट प्रोफाईल, हात दाखव. इथपर्यंत स्पर्धेतल्या मुली झकास असतात. सीन सुरू झाला की गडबड होते. मान ताठ, खांदे मागे, एक गुडघा पुढे आणि सासूला उत्तर देताना चेहऱ्यावर प्रश्नोत्तराच्या फेरीतलं हसू! हे अंगातून काढायला वेळ लागतो. वर्कशॉपपेक्षा स्वयंपाकघर स्वस्त पडतं, म्हणून मी मुलींना पोळ्या लाटायला लावते. हाताला पीठ, तव्यावर पोळी, आणि कुणालातरी मागून विचारायला सांग, ‘माहेरी फोन केला होतास?’ लगेच वळायचं नाही. लाटणं अर्धं फिरून थांबू दे, ‘नाही’ म्हण आणि पुन्हा लाटायला लाग. डोळे मोठे करायची, श्वास ओढायची काही गरज नाही. लाटणं थांबलेलं कॅमेरा बघतो. तेवढ्यात पोळी करपली तरी उचलायला विसरू नकोस, तोही अभिनयच.

क्लोजमध्ये समोरच्या नटीच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघितलंस तर तुझी बुबुळं हलतात आणि चेहरा चोरटा दिसतो. कॅमेऱ्याच्या जवळचा तिचा एक डोळा धर. वाक्य संपल्यावर ‘कट’ ऐकू येईपर्यंत नजर सोडू नकोस. एडिटरला तिथे जागा लागते, आणि मालिकेत तर त्याच जागेवर म्युझिक वाजतं!

आता भाषा. ‘चार चोर’ म्हणून बघ. दोन्ही ‘च’ सारखेच येत असतील, ‘पाणी’चं ‘पानी’ होत असेल, तर मराठी मालिकेत अडशील. रोज अग्रलेख मोठ्याने वाच. एखाद्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये घुस, बॅकस्टेज मिळालं तरी घे. २५ जानेवारीच्या रात्री ‘सवाई’ ही एकांकिका स्पर्धा बघायला जा. तुझ्याच वयाच्या मुली बिनमेकअपच्या काय कामं करतात ते कळेल.

रोल मिळाला की पैशांचं बोल, लाजू नकोस. पर डे किती, महिन्याला किमान किती दिवसांची हमी, मालिका सोडायची तर नोटीस किती, दुसरं काम घेता येईल का, हे सगळं कागदावर हवं. पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, १० टक्के टीडीएस कापून, आणि तुझ्यासाठी काम शोधणारा कोऑर्डिनेटर असेल तर त्याचं कमिशन वेगळं. म्हणजे पहिले तीन-चार महिने घरच्यांच्या किंवा साठवलेल्या पैशांवर काढायचे. तेव्हा अंधेरीत घाईने महागडी खोली घेऊ नकोस. सेट घोडबंदर रोडला लागला तर तुझी कमाई रिक्षात जाईल. गोरेगावची चित्रनगरी, मीरा रोड, नायगाव, कुठे ते कळू दे, मग घर बघ.

शिफ्ट १२ तासांची, त्यात येण्याजाण्याचा वेळ धरलेला नसतो. सेटवर कुणी नको तसं वागलं तर गप्प बसू नकोस. दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथे काम करतात तिथे तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती कुठे आहे, त्यात कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव.

आणि गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक, म्हणजे कथानक, बदलू शकतो. परवा मेलेली जाऊ परत येते, तुझे चार सीन दुसरीला जातात. मनाला लावून घेऊ नकोस, कॉल टाइमला, म्हणजे सेटवर बोलावलेल्या वेळेला, हजर राहा. केस कापायचे असतील, भुवया बारीक करायच्या असतील तर आधी क्रिएटिव्हला, म्हणजे मालिकेची कथा आणि लूक बघणाऱ्या टीमला, विचार. कारण अर्धा सीन आज आणि अर्धा पुढच्या मंगळवारी शूट होतो, दोन्हीकडे तू सारखी दिसायला हवीस.