पुण्याची डिझेल गाडी हिमाचलच्या बर्फात नेण्याआधी

डिसेंबरात न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीचं काय होतं ते आठवा. तेल आधी गढूळ दिसतं, मग दाट होतं आणि शेवटी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. डिझेलही असंच वागतं, फक्त त्याला थंडी जास्त लागते. त्यात मेणासारखे पॅराफिन असतात. पारा उतरला की त्यांचे कण धरू लागतात आणि काही मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात.

भारतीय मानकाप्रमाणे डिझेल फिल्टर तुंबवू लागण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळ्यात 18 अंश आणि हिवाळ्यात 6 अंश आहे. ओतता येणं बंद होण्याची मर्यादा अनुक्रमे 15 आणि 3 अंश. प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल बहुतेक वेळा याहून बरं असतं, पण कागदावर हमी एवढीच. पुण्याला ती पुरते. जानेवारीच्या रात्री मनालीत पारा शून्याखाली जातो आणि अटल बोगद्यापलीकडे सिस्सू-केलाँगला उणे दहाच्याही खाली. म्हणून पुण्यात भरलेलं डिझेल तिथपर्यंत टाकीत राहू द्यायचं नाही.

रस्ता सुमारे दोन हजार किलोमीटरचा आहे, त्यामुळे डिझेल आपोआप बदलेल असं वाटतं. पण अर्ध्या टाकीवरच भरत राहिलात तर जुनं डिझेल बऱ्यापैकी शिल्लक राहतं. चंदीगडच्या आसपास काटा पाववर आला की टाकी फुल करा, पुन्हा पाववर आणा आणि मंडी-कुल्लूकडे परत फुल करा. 55 लिटरच्या टाकीत पहिल्या भरण्यानंतर जुनं डिझेल चौथा हिस्सा उरतं, दुसऱ्या भरण्यानंतर सोळावा. वर पोहोचल्यावर मात्र टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवा, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंडीत पाणी होऊन तळाशी जाते. निघण्यापूर्वी डिझेल फिल्टर नवा बसवा आणि एक जास्तीचा डिकीत ठेवा. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो, तो कुठे आहे हे मेकॅनिककडून बघून घ्या.

लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं. ते मिळत असेल तिथे दुसरा विचार करू नका. मिळत नसेल तर न गोठण्यासाठीचं अ‍ॅडिटिव्ह वापरा, पण डिझेल पातळ असतानाच. आधी टाकीत अ‍ॅडिटिव्ह ओतायचं, मग वरून डिझेल भरायचं, म्हणजे ते नीट मिसळतं. प्रमाण बाटलीवर असेल तेवढंच. एकदा मेण धरलं की ते विरघळवायची ताकद या बाटलीत नसते. लोक इथेच फसतात: सकाळी गाडी बंद पडल्यावर दुकान शोधत फिरतात.

रॉकेल मिसळायचा जुना सल्ला आजही मिळतो. जुन्या इंजिनात तो खपून जायचा. आताच्या कॉमन रेल (एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या) इंजिनात पंप दीड-दोन हजार बारचा दाब तयार करतो आणि त्याला वंगण डिझेलचंच असतं. रॉकेल पातळ, त्यामुळे पंप घासतो. शिवाय बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत जास्तीत जास्त 10 भाग असतो, रॉकेलमध्ये तो कितीतरी जास्त; सायलेन्सरमधल्या महागड्या फिल्टरची आणि कॅटॅलिस्टची वाट लागते. पेट्रोल मिसळणं तर याहून वाईट.

डिझेल गोठल्याची खूण फसवी असते. गाडी सुरू होते, कारण पाइपात थोडं डिझेल असतं. मिनिटभराने ओढ जाते, आचके बसतात आणि इंजिन बंद पडतं. अशा वेळी सेल मारत बसू नका. फिल्टरच्या डब्यावर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा, पाणी बदलत वीस-पंचवीस मिनिटं थांबा किंवा गाडी उन्हात ढकला. जास्तीचा फिल्टर खोलीत ऊबेला ठेवला असेल तर तोच बसवा. टाकीखाली जाळ करायचा जुना उपाय ट्रकवाल्यांकडे आहे. प्लॅस्टिकच्या टाकीखाली तो करून बघू नका.

गाडीला अ‍ॅडब्लू (धुरातले घातक वायू कमी करणारं युरियाचं द्रावण) लागत असेल तर ते उणे 11 अंशांना गोठतं. घाबरायचं कारण नाही, टाकीत त्यासाठी हीटर असतो. पण टाकी काठोकाठ भरू नका. गोठताना ते फुगतं.

पेट्रोल गाडीला मेणाची चिंता नाही.

विजेची गाडी न्यावी का, हा प्रश्न पुण्यात हल्ली हमखास निघतो. वीज गोठत नाही, हे खरं.      

पण प्रवाशाच्या दृष्टीने फरक वेगळाच आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली अर्ध्याहून जास्त उष्णता म्हणून वाया घालवतं, आणि बर्फात तीच वाया गेलेली उष्णता हीटरमधून फुकट मिळते. विजेच्या गाडीत हीटर बॅटरीतून दोन-तीन किलोवॉट ओढतो. मनालीपुढच्या सोलंगजवळ सहा तास अडकलात तर 12 ते 18 युनिटं नुसती ऊब धरण्यात जातील, आणि गारठलेली बॅटरी आधीच कमी अंतर देत असते. डिझेल गाडी तेवढ्या वेळात पाच-सहा लिटर पिईल. मनालीपर्यंत विजेची गाडी जरूर न्या. त्यापुढे चार्जर नक्की चालू असल्याचं कळलं तरच.

आता कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव. बर्फात इंजिनाचं सर्वांत महागडं नुकसान इथेच होतं आणि कारण साधं असतं: वर्षभर कुणीतरी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालत आलेलं असतं. पाण्याचं बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं. रेडिएटर फुटतो, नशीब वाईट असेल तर इंजिनचा ब्लॉक तडकतो. निम्मं ग्लायकोल (पाणी गोठू न देणारं द्रव) आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उणे 37 पर्यंत टिकतं. नुसतं ग्लायकोल मात्र उणे 13 च्या आसपासच गोठतं, म्हणून जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. जुनं पाणी काढलं तरी दीड-दोन लिटर आत राहतंच. सात लिटरच्या गाडीत आधी साडेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं ग्लायकोल) ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. आधीच मिसळलेलं तयार कूलंट घेतलंत तर त्यात पाणी घालायचं नाही, आणि आतलं जुनं पाणी त्याच कूलंटने एकदा धुऊन काढायचं. नाना पेठेतून आणलेल्या डब्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’ आहे की ‘रेडी टू यूज’ ते वाचा. शेवटी गॅरेजवाल्याला रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती थंडीपर्यंत टिकेल ते दाखवणाऱ्या उपकरणावर) दोन थेंब टाकून आकडा दाखवायला सांगा. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून न गोठणारं भरा.

बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर नवी घ्या. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी मोजल्यावर 12.6 व्होल्ट हवेत, 12.2 म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. उणे 18 ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि इंजिनातलं तेल दाट झाल्यामुळे सेलला जोर जास्त लागतो. सकाळी चावी फिरवून ग्लो प्लगचा (डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, पुन्हा बंद करून परत एकदा तेच करा, मग सेल मारा. दहा सेकंदांहून जास्त नाही आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. पूर्ण उतरलेली बॅटरी आतून गोठू शकते. फुगलेली दिसली तर जम्पर केबल लावू नका.

टायरच्या हवेचं गणित गमतीचं आहे. पुण्यात 30 अंशांना 33 पीएसआय भरली तर उणे 10 ला थंडीमुळे ती सहाएक पीएसआय उतरते. पण तीन हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे मीटर साडेतीन-चार जास्त दाखवतो. म्हणजे केलाँगला ती साडेतीसच्या आसपास दिसेल. सकाळी गार टायरवर मोजूनच भरा. बर्फात पकड येईल म्हणून हवा आणखी काढू नका.

आपल्याकडच्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होतं. खऱ्या हिवाळी टायरवर डोंगर आणि त्यात हिमकणाचं चिन्ह असतं. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही. एका सहलीसाठी चार टायर बदलणं परवडत नसेल तर साखळ्या घ्या, आपल्या टायरच्या मापाच्या. त्या ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांना लावायच्या. पुण्यातल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ती पुढची चाकं असतात. चाकाच्या आत जागा आहे का ते आधी बघा, नाहीतर साखळी ब्रेकचा पाइप तोडते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रबरी हातमोजे घालून, टॉर्चच्या उजेडात दोनदा लावून-काढून बघा. शेजारी हसतील, हसू द्या. वर हेच काम गोठलेल्या बोटांनी करायचं आहे. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन पुन्हा ताणा, वेग 30-40 च्या आत ठेवा, डांबर लागलं की काढा. जोराची बर्फवृष्टी झाली की मनालीपुढे फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्यांनाच सोडतात.

चालवताना खंबाटकी घाटाची सवय उपयोगी पडते: ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. सुरुवात दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश. स्टिअरिंग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांतलं एका वेळी एकच. पांढरा बर्फ निदान दिसतो. सावलीतल्या वळणावर, पुलावर आणि बोगद्याच्या तोंडाशी डांबर नुसतं ओलं वाटतं आणि तोच काचेसारखा बर्फ असतो. तिथे थांबायचं अंतर दहापट धरा. घसरलीच तर ब्रेक सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग वळवा.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून बसतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतलंत तर काच तडकेल.

इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. अडकलात तर आधी मागचा बर्फ उपसा, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा आणि एकाने जागं राहा.

पुण्यात परतल्या दिवशी गाडीचं बूड पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घ्या. वर 33 भरलेली हवा इथे 36 च्या आसपास गेलेली असेल, ती उतरवा.