पहारीनं दगड हलवायचा तर

सीताफळाचे खड्डे घेताना तिसऱ्या ओळीत, नेमका खड्ड्याच्या जागेवर, दगड लागला. पुरंदरचं रान, दगड लागणारच. पण हा दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट जाड. काळ्या दगडाचा घनफूट साधारण 80 किलो भरतो, म्हणजे हा 300 किलोच्या घरात. एका दगडासाठी जेसीबी कोण बोलावतो? पाच फुटी पहार होती, मी होतो, आणि सूचना द्यायला बांधावर आमचे आबा.

आधी भोवतीची माती टिकावानं बुडापर्यंत मोकळी करा. मातीनं धरून ठेवलेला दगड आपल्या वजनापेक्षा जड लागतो. मग पहारीचं चपटं टोक दगडाखाली सारा आणि टेकू दगडाला जवळजवळ भिडवून ठेवा.

सगळी गंमत या टेकूत आहे. शाळेत तरफ शिकलो तेव्हा 'भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा' पाठ केलं होतं, कळलं ते इथे. भारभुजा म्हणजे टेकूपासून दगडापर्यंतचं अंतर, बलभुजा म्हणजे टेकूपासून हातापर्यंतचं. एक कड उचलायची तर दुसरी कड जमिनीवर असते, म्हणजे पहारीवर निम्मंच वजन येतं, 150 किलो. दगडापासून टेकू 6 इंचांवर असेल तर हाताकडे 54 इंच उरतात. नऊ पट. 17 किलोच्या दाबात काम होतं, आणि पहारीचं स्वतःचं वजन थोडी मदत करतं ते वेगळंच. तोच टेकू 12 इंचांवर सरकला की हाताकडे 48, चारच पट, आणि 38 किलो दाबावं लागतं. सहा इंचांत एवढा फरक! पहार मध्यावर धरून जोर काढणारी पोरंही हाच तोटा करून घेतात. अगदी शेवटाला धरा.

फुकट मात्र काही मिळत नाही. हात दीड फूट खाली गेला तेव्हा दगड फक्त दोन इंच उठला. म्हणून एका दाबात उलथवायच्या फंदात पडू नका. दोन इंच उठला की दुसऱ्यानं फटीत दगडाची कपची सारायची, तीही काठीनं ढकलून, बोटांनी नाही. मग पहार सोडायची, टेकू थोडा उंच करायचा, पुन्हा दाब.

टेकू कशाचा असावा? मी वीट ठेवली. आबा "वीट नको" म्हणाले होते. तिसऱ्या दाबाला ती फुटली, पहार खाली बसली आणि मी तोंडावर पडलो. टेकूवर दगडाचा भार आणि आपला दाब दोन्ही येतात, हे मला सूत्रात दिसलं नव्हतं. बाभळीचा ओंडका घ्या, आणि जमीन भुसभुशीत असेल तर त्याखाली फळी टाका, नाहीतर दगड उठायच्या ऐवजी टेकूच जमिनीत जातो. पहारीवर ओणवं होऊन हनुवटी तिच्या वर आणू नका. दगड घसरला तर ती उसळते.

खड्ड्याबाहेर आल्यावर दगड पुढे सारायचा, तेव्हा पहार उलटी वापरली. टोक दगडाखालून पुढे काढून जमिनीत रोवलं आणि हाताकडचं टोक वर उचललं. आता टेकू म्हणजे जमीन, भार मध्ये, बल शेवटाला. अडकित्त्यातही सुपारी अशीच मध्ये असते. यात दगड दर खेपेला थोडा पुढे सरकतो, पण कंबर लागते, कारण खाली दाबताना अंगाचं वजन कामी येतं, वर उचलताना ते येत नाही. गुडघे वाकवूनच उचला. तरफेचा तिसरा प्रकार चुलीजवळच्या चिमट्यासारखा, बल मध्येच. त्यात जोर वाढत नाही, कमीच होतो, म्हणून दगडाच्या कामी तो नाही.

दोन तास गेले. दगड आता बांधावर आहे, आबा त्यावरच बसतात. जरा तिरका बसलाय असं ते रोज सांगतात, पण पहार मी गोठ्याच्या माळ्यावर टाकली आहे.